आकड्याचं माहेर

तुझी फाइल काल रात्री शेवटपर्यंत वाचली. एलएम७५ तापमान-सेन्सरचा ड्रायव्हर रास्पबेरी पायवर चालतोय, तापमानही बरोबर येतंय. कर्नलमध्ये ह्या चिपचा ड्रायव्हर वर्षानुवर्षं आहे, तरी हात बसावा म्हणून तू तो स्वतः लिहून काढलास, हे मला फार आवडलं. पण सोमवारी टीममध्ये रिव्ह्यूला ठेवण्याआधी त्यातल्या आकड्यांवरून एकदा हात फिरव. काहींना नावच नाही, काहींना गरज नसताना दिलंय, आणि दोन नावं वाचणाऱ्याला भलत्याच ठिकाणी नेऊन सोडतील अशी आहेत. फोनवर हे सांगून होत नाही, म्हणून आत्या लिहायला बसलीय. फाइल शेजारी उघडी ठेवून वाच.

मला हे १९९४ साली शिकायला मिळालं, पुण्यातल्या पहिल्या नोकरीत. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याशी सिरियल पोर्टवरून बोलणारा प्रोग्रॅम मी टर्बो सीमध्ये लिहिला होता. आमच्या वरिष्ठांनी त्याची डॉट मॅट्रिक्सवर प्रिंट काढायला लावली, टेबलावर पसरली आणि त्यातल्या प्रत्येक उघड्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल काढला. मग एकेका गोलावर बोट ठेवून एकच प्रश्न विचारत गेले, "ह्याचं माहेर कुठलं?" दोन तास तेवढंच चाललं होतं. आज तुला जे सांगणार आहे ते सगळं त्या एका प्रश्नातून आलेलं आहे.

त्या प्रोग्रॅममधल्या चार ओळी मला अजून जशाच्या तशा आठवतात. पोर्टच्या मूळ पत्त्यात ३ मिळवून तिथे हेक्स ८० लिही. मूळ पत्त्यावर १२ लिही. मूळ पत्ता अधिक १ वर ० लिही. पुन्हा मूळ पत्ता अधिक ३ वर ३ लिही. प्रोग्रॅम चालत होता, वजन पडद्यावर उमटत होतं. मला वाटलं, काम झालं.

आता ह्या आकड्यांची चौकशी करू. ती चिप होती १६५५० यूआर्ट. तिच्या ३ नंबरच्या ऑफसेटवर लाइन कंट्रोल रजिस्टर असतं, एलसीआर. त्याचा सगळ्यात वरचा बिट, म्हणजे हेक्स ८०, हा डीएलएबी. तो १ केला की ० आणि १ ह्या ऑफसेटवरची नेहमीची रजिस्टरं मागे सरतात आणि तिथे बॉड रेटच्या भाजकाचे दोन बाइट दिसू लागतात. पीसीच्या यूआर्टचं क्लॉक १.८४३२ मेगाहर्ट्‌झचं. त्याला १६ने भागलं की १,१५,२०० येतात आणि त्यांना १२ने भागलं की ९,६००. म्हणजे १२ हा चिपचा आकडाच नव्हे, क्लॉक आणि हवा असलेला वेग ह्यांच्यातून तो निघालाय. शेवटच्या ओळीतले दोन ३ तर एकमेकांचे कुणीच लागत नाहीत. पहिला ३ हा एलसीआरचा पत्ता. दुसरा ३ म्हणजे खालचे दोन बिट १, अर्थात आठ बिटांचं अक्षर, पॅरिटी नाही, स्टॉप बिट एक. आणि तोच ३ लिहिताना वरचा बिट ० होतो, म्हणून डीएलएबीचं दारही मिटतं.

लिनक्सची सिरियल रजिस्टरांची हेडर फाइल उघडून बघ. तिथे शून्य ह्या एकाच ऑफसेटला तीन नावं दिलेली आहेत: यूआर्ट_आरएक्स, यूआर्ट_टीएक्स आणि यूआर्ट_डीएलएल. वाचलं तर आलेलं अक्षर मिळतं, लिहिलं तर अक्षर बाहेर जातं, आणि डीएलएबी १ असेल तर तिथेच भाजकाचा खालचा बाइट असतो. दोन ह्या ऑफसेटलाही अशीच दोन नावं आहेत, वाचताना आयआयआर आणि लिहिताना एफसीआर. नवीन माणसाला वाटतं की एकच किंमत तीनदा कशाला लिहायची, एकाच नावात भागवू. तसं करू नकोस. नाव किमतीला द्यायचं नसतं, त्या किमतीच्या त्या जागच्या अर्थाला द्यायचं असतं. तुझ्या फाइलमध्ये 'टू' नावाचा कॉन्स्टंट आहे आणि त्याची किंमत २ आहे. ते नाव दोन बाइटांच्या वाचनालाही वापरलंय आणि हिस्टेरेसिसच्या रजिस्टरलाही. आधी ते काढ.

आणि १२सारखे आकडे? त्यांना नाव देण्याऐवजी हिशेबच लिहावा. क्लॉकला नाव दे, बॉड रेटला नाव दे आणि भागाकार कंपायलरवर सोपव. दोन्ही कॉन्स्टंट असतील तर तो बिल्डच्या वेळीच होतो, चालताना काही खर्च पडत नाही. उद्या दुसऱ्या क्लॉकचा बोर्ड आला तर एकच ओळ बदलेल.

तोच कोड आम्ही पुढे लिनक्सवर नेला, तेव्हा नावांची खरी किंमत कळली. टर्बो सीच्या आउटपोर्टबी फंक्शनला आधी पोर्ट द्यायचा आणि मग किंमत. लिनक्सच्या आउटबीला आधी किंमत आणि मग पोर्ट. दोन्ही शेवटी पूर्णांकच, त्यामुळे उलटसुलट झालं तरी कंपायलर हूं की चूं करत नाही. नावं घातलेल्या ओळींमध्ये चूक वाचतानाच डोळ्याला खुपली. जिथे नुसते आकडे होते तिथे एका ओळीतला उलटा क्रम तसाच राहिला, आणि एलसीआरसाठीचा ३ हा पोर्टचा पत्ता बनला. पीसीवर पोर्ट ३ हा डीएमए कंट्रोलरचा असतो. फ्लॉपी वाचताना मशीन अधूनमधून का अडकतंय हे शोधण्यात आमचा अख्खा आठवडा गेला.

तर ड्रायव्हरमधला आकडा तीन ठिकाणांहून येऊ शकतो: चिपच्या डेटाशीटमधून, कर्नलच्या किंवा एखाद्या प्रमाणाच्या घरातून, नाहीतर आपल्या स्वतःच्या निर्णयातून. नावावरून वाचणाऱ्याला हे माहेर कळलं पाहिजे. कारण आकडा बदलायची वेळ आली की पहिला प्रश्न तोच पडतो, हा बदलण्याचा मला अधिकार आहे का?

चिपच्या आकड्याला चिपचंच नाव ठेव. डेटाशीटने 'सीओएनएफ' म्हटलं असेल तर त्याचं 'कॉन्फिगरेशन' करू नकोस, आणि 'टीओएस' असेल तर 'कमाल तापमान' असं भाषांतर करू नकोस. ते नाव कुरूप वाटलं तरी तसंच राहू दे. पाच वर्षांनी कुणी रात्री अकरा वाजता डेटाशीटच्या पीडीएफमध्ये ते शोधेल, आणि एक अक्षर जरी बदललं असेल तरी त्याला ते सापडणार नाही. पुढे चिपच्या नावाचा प्रिफिक्स लाव, म्हणजे एलएम७५_रेग_कॉन्फ. नुसतं 'स्टेटस' किंवा 'कंट्रोल' असं नाव ठेवलंस तर आज बिल्ड होईल, पण कधीतरी दुसऱ्या आर्किटेक्चरच्या एखाद्या हेडरमध्ये तेच नाव निघेल आणि ज्या माणसाने तुझी फाइल कधी उघडलीही नाही त्याचा बिल्ड तुटेल. प्रिफिक्स चिपचा असावा, प्रॉडक्टचा नको. प्रॉडक्टची नावं मार्केटिंगवाले दर दिवाळीला बदलतात. 'न्यू' हा शब्दही नावात नको, दोन वर्षांनी त्याचं काय करायचं ते कुणालाच सुचत नाही.

चिपचंच नाव ठेवण्याच्या नियमाला एक खरा अपवाद तुझ्याच चिपमध्ये आहे. कर्नलमधल्या एलएम७५च्या ड्रायव्हरने टीओएसच्या रजिस्टरला एलएम७५_रेग_मॅक्स म्हटलंय, कारण हार्डवेअर मॉनिटरिंगच्या सबसिस्टिममध्ये ती मर्यादा यूजरला टेंप१_मॅक्स ह्या नावाने दिसते. मी असते तर टीओएसच ठेवलं असतं आणि मॅक्सशी असलेलं नातं कॉमेंटमध्ये लिहिलं असतं. पण आधीच्या लोकांनी एक नाव रुळवलं असेल तर त्याच फाइलमध्ये दुसरं घुसवू नये. तुझी फाइल स्वतंत्र आहे, तू टीओएस ठेव.

रजिस्टरं ऑफसेटच्या चढत्या क्रमाने लिही आणि प्रत्येक रजिस्टरचे बिट त्याच्याच खाली, दोन जागा आत सरकवून लिही. तू सगळी रजिस्टरं वर आणि सगळे बिट खाली असा गठ्ठा केलायस. शटडाउनचा बिट कॉन्फचा आहे हे मला वापर पाहून कळलं, व्याख्या पाहून नाही. हेक्स आकड्यांची रुंदी सारखी ठेव, एके ठिकाणी एक अंक आणि दुसरीकडे दोन असं नको. फाइलच्या डोक्यावर कोणत्या डेटाशीटची कोणती आवृत्ती वापरलीस तेही नोंदव. उत्पादक आवृत्ती बदलतात तेव्हा पानांचे नंबर हलतात, म्हणून पान लिहू नकोस, तक्त्याचं किंवा विभागाचं नाव लिही.

बिट लिहायला कर्नलचे मॅक्रो वापर. एका बिटाला बिट, सलग बिटांना जेनमास्क. जेनमास्कमध्ये वरचा बिट आधी आणि खालचा नंतर, डेटाशीटमध्ये लिहितात त्याच क्रमाने, त्यामुळे नजर एका बाजूहून दुसरीकडे सहज फिरते. उलटं लिहिलंस तर हल्लीचा कर्नल बिल्डच होऊ देत नाही. एलएम७५चं तापमान सोळा बिटांच्या वाचनात वरच्या नऊ बिटांत असतं, म्हणजे जेनमास्क १५, ७. हे लिहिलंस की शिफ्टचा वेगळा ७ ठेवायची गरज उरत नाही, फील्ड_गेट मास्कवरूनच शिफ्ट काढतो. मास्क आणि शिफ्ट असे दोन कॉन्स्टंट वेगवेगळे ठेवले की कधीतरी एक बदलतो आणि दुसरा तसाच राहतो. फील्ड_प्रेपला कॉन्स्टंट किंमत दिलीस तर ती त्या मास्कमध्ये मावते की नाही हेही तो बिल्डच्या वेळीच तपासतो.

इथे एक काळजी घे. फील्ड_गेटमधून निघणारी किंमत बिनचिन्हाची असते. उणे २५ अंशाला एलएम७५ नऊ बिटांत हेक्स १सीई देते. चिन्ह न पसरवता ते वाचलंस तर ४६२ पायऱ्या, म्हणजे २३१ अंश. तू साइन_एक्स्टेंड३२ वापरलंयस, फार बरं केलंस. पुण्यात बसून उणे तापमानाची चूक कधीच दिसली नसती, ती लडाखच्या एखाद्या टॉवरवर दिसली असती.

हाताने लिहिलेल्या एक-डावीकडे-३१ ह्या शिफ्टपासूनही जप. सीमध्ये नुसता १ हा चिन्ह असलेला इंट असतो. त्याला ३१ घरं सरकवलं की भाषेच्या नियमाप्रमाणे वर्तन अनिर्धारित, आणि प्रत्यक्षात बहुतेक वेळा ती उणे संख्या बनते. ती ६४ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये टाकली की वरचे ३२ बिट सगळे १ होऊन बसतात. नाव बिनचूक, डेटाशीटमधलं, आणि किंमत चुकलेली. अशी चूक सापडायला सगळ्यात कठीण, कारण नाव वाचून माणूस निश्चिंत होतो. बिट मॅक्रो बिनचिन्हाचा असल्यामुळे हा धोका टळतो.

काही बिट लिहून मिटवायचे असतात. इंटरप्ट स्टेटसमध्ये १ लिहिलं की तो बिट ० होतो. नावात हे दिसत नाही, म्हणून तिथे कॉमेंट हवीच. नाहीतर कुणीतरी सवयीने रजिस्टर वाचेल, एक बिट मिळवेल, परत लिहील, आणि त्याच क्षणी वाट पाहत असलेले बाकीचे सगळे इंटरप्टही पुसून टाकेल.

आता कर्नलच्या घरचे आकडे. इथे मुख्य गोष्ट अशी की जे नाव आधीच आहे ते पुन्हा जन्माला घालू नकोस. पीसीआयच्या कमांड रजिस्टरला पीसीआय_कमांड आहे, इथरनेट पत्त्याच्या सहा बाइटांना ईटीएच_एएलईएन आहे, एका सेकंदातल्या नॅनोसेकंदांना एनसेक_पर_सेक आहे, चार किलोबाइटना एसझेड_४के आहे. ॲरेची लांबी तर आकड्याने लिहायचीच नाही, त्यासाठी ॲरे_साइझ आहे.

सगळ्यात जास्त दुर्लक्षित कॉन्स्टंट म्हणजे एररचे. तुझ्या प्रोब फंक्शनमध्ये चिप सापडली नाही तर तू उणे १ परत करतेस. उणे १ला माहेर आहे, ते म्हणजे उणे ईपर्म, 'परवानगी नाही'. मी ज्या कंपन्यांत काम केलं त्यांतल्या एकीत अशीच एक ओळ होती. ग्राहकाच्या पडद्यावर परवानगी नसल्याचा मेसेज यायचा. आमचा एक मुलगा चार दिवस त्यांच्या मशीनवरचे यूजर, ग्रुप, फाइलच्या परवानग्या तपासत बसला होता. खरी गोष्ट एवढीच होती की बोर्डवरची चिप सैल बसली होती. तिथे उणे ईनोडेव्ह लिहिलं असतं तर पहिल्याच दिवशी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला असता. चुकीचं आर्ग्युमेंट आलं तर ईइनव्हॅल, वाट पाहून वेळ संपली तर ईटाइम्डआउट, आणि खालच्या फंक्शनने एरर दिली असेल तर ती जशीच्या तशी वर दे, स्वतःची बनवू नकोस.

आणि जिथे नाव नको तिथे ते देऊ नकोस, हेही तितकंच महत्त्वाचं. पीसीआयच्या डिव्हाइस-आयडींची गोष्ट घे. कर्नलमध्ये त्यांची एक सामायिक हेडर फाइल आहे आणि तिच्या सुरुवातीलाच लिहिलंय की एकाहून जास्त ड्रायव्हर वापरत असतील तरच इथे नवीन नोंद करा. इंटेलच्या व्हेंडर-आयडीला नाव असणं योग्य आहे, हेक्स ८०८६, असंख्य ठिकाणी लागतो. पण एका ड्रायव्हरच्या तक्त्यात आयुष्यात एकदाच येणारा डिव्हाइस-आयडी तिथेच आकड्यात लिहावा आणि शेजारी कॉमेंटमध्ये चिपचं नाव द्यावं. तो तक्ता म्हणजेच त्याची व्याख्या. त्याला वेगळं नाव दिलं तर वाचणाऱ्याला नाव पाहायचं, मग किंमत शोधायला वर जायचं, पुन्हा खाली यायचं, आणि हाती नवीन काहीच लागत नाही. शून्याला 'झीरो' म्हणणं, बिट ३ला 'बिट_थ्री' म्हणणं, हे त्यातलंच. तुझ्या फाइलमध्ये अशी पाच नावं मला दिसली.

तिसरं घर आपलं: टाइमआउट, किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा, बफर केवढा, किती वेळाने परत मोजायचं. हे आकडे कुठल्याही पुस्तकात सापडत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त लिहावं लागतं. पहिलं म्हणजे एकक नावातच हवं, शेवटी एमएस, यूएस किंवा हर्ट्‌झ. 'रीसेट_टाइमआउट' ५० म्हणजे पन्नास काय? तू मिलिसेकंद धरलेस, पण तोच कॉन्स्टंट एके ठिकाणी मायक्रोसेकंद मागणाऱ्या फंक्शनला दिलायस.

हा धडा मी महागात शिकले. आम्ही एका यंत्राला रीसेट देऊन अर्धा सेकंद थांबत होतो आणि त्यासाठी कोडमध्ये ५० लिहिलं होतं. ते ५० जिफी होते. कर्नल २.४ मध्ये आय३८६वर एचझेड १०० होता, म्हणजे एक जिफी दहा मिलिसेकंदांचा, हिशेब बरोबर. २००३च्या डिसेंबरात २.६ आला आणि त्यात एचझेड १००० झाला. आमचा अर्धा सेकंद कुणीही एक अक्षर न बदलता पन्नास मिलिसेकंदांवर आला. काही यंत्रं तेवढ्यातही तयार व्हायची, काही नाही, आणि थंडीत जास्त बिघडायची, त्यामुळे आम्ही आधी पॉवर सप्लायवर संशय घेतला. दोन वर्षांनी २.६.१३ पासून एचझेड बिल्डच्या वेळी निवडता येऊ लागला, म्हणजे तोच कोड दोन मशीनवर वेगवेगळा वेळ थांबला असता. ती ओळ ज्याने लिहिली त्याच्या मनात मिलिसेकंदच होते, त्याने ते कुठे लिहिले मात्र नव्हते. एमएसने संपणारं नाव आणि एमसेक्स_टू_जिफीज, एवढ्यात ते टळलं असतं.

दुसरं, आकडा कसा ठरला ते लिही. डेटाशीट कमाल किंमत देते की सरासरी, आणि आपण वर किती जागा सोडली? 'बोर्डवर मोजताना तीस लागले, म्हणून पन्नास ठेवले' एवढी कॉमेंटही पुरते. तिच्यावरून पुढच्याला कळतं की हा आकडा त्याला बदलता येईल, फक्त पुन्हा मोजावं लागेल. एखादी उशीर-वेळ एकाच ठिकाणी वापरली असेल तर मी नाव न देता तिथल्या तिथे आकडा आणि वर कॉमेंट हेच पसंत करते. काही मेंटेनरांना नावच हवं असतं. त्यांच्या सबसिस्टिममध्ये त्यांचं ऐकावं, ह्यावर वाद घालून पॅच अडवू नये.

हॅश-डिफाइन की इनम, असं तू विचारलं होतंस. कर्नलचं कोडिंग स्टाइलचं पान म्हणतं की एकमेकांशी नातं असलेल्या अनेक कॉन्स्टंटना इनम बरा. ड्रायव्हरच्या स्वतःच्या अवस्थांना मी इनमच वापरते: स्विचमध्ये एखादी अवस्था राहिली तर कंपायलर इशारा देतो, डीबगरमध्ये नाव दिसतं. रजिस्टर आणि बिटांना हॅश-डिफाइन. हार्डवेअरला जाणाऱ्या किमती इनममध्ये ठेवल्यास तर प्रत्येकीची किंमत स्पष्ट लिही, नाहीतर मधे कुणी एक नाव घुसवलं की खालच्या सगळ्या एकाने सरकतात. सीमधला कॉन्स्ट इंट मात्र ह्या कामाचा नाही. भाषेच्या लेखी तो कॉन्स्टंट नव्हेच, केस लेबलमध्ये चालत नाही. आणि मॅक्रोत बेरीज असेल तर कंसात टाक. आठ अधिक एक बिनकंसाचं ठेवलंस आणि कुणी त्याला दोनने गुणलं, तर अठराऐवजी दहा येतील.

आता एक गोष्ट जी मला मनापासून सांगायचीय. तू एक हुशार मॅक्रो लिहिलायस, तो प्रिफिक्स आणि रजिस्टरचं नाव दोन हॅशनी जोडून पूर्ण नाव बनवतो. टायपिंग वाचलं, ओळी छोट्या झाल्या. पण मी एलएम७५_रेग_हिस्ट ग्रेप केलं तेव्हा मला फक्त व्याख्या सापडली, वापर एकही नाही. मला वाटलं, हे नाव कुणी वापरतच नाही. दुसऱ्या कुणालाही तेच वाटेल आणि तो ती ओळ काढून टाकेल, किंवा चिपमधला दोष शोधताना नेमकी हीच जागा त्याच्या नजरेतून सुटेल. ड्रायव्हर लिहिला एकदा जातो आणि शोधला शेकडो वेळा जातो. नाव पूर्ण, सलग, एका तुकड्यात लिही.

कॅमेरा-सेन्सरसारख्या चिपमध्ये तुला शेकडो पत्ते आणि किमतींचा तक्ता मिळेल, उत्पादकाने दिलेला, अर्थ न सांगता. तिथे ओळखीची रजिस्टरं असतील तेवढ्यांना नावं दे आणि बाकीच्यांना अंदाजाने नाव देऊ नकोस. 'उत्पादकाची सुरुवातीची मांडणी, अर्थ दिलेला नाही' असं वर लिहून आकडे तसेच राहू दे. खोट्या माहेराचं नाव मिळालं की पुढचा माणूस त्यावर विश्वास ठेवून काहीतरी बदलतो.

हे सगळं वाचून तू कंपनीतल्या जुन्या ड्रायव्हरांतली नावं सुधारायला निघशील, तर ते मात्र नको. नुसत्या नावांचा पॅच चालत्या ड्रायव्हरवर टाकला की ती ओळ खरी कधी आणि का लिहिली गेली हा इतिहास झाकला जातो, आणि दुरुस्ती जुन्या आवृत्त्यांवर न्यायची तर प्रत्येक ठिकाणी अडते. त्या फंक्शनमध्ये दुसऱ्या कामासाठी हात घालशील तेव्हा तिथलं नाव सुधार, पण वेगळ्या पॅचमध्ये. सरावच करायचा असेल तर कर्नलचं ड्रायव्हर्स/स्टेजिंग आहे, तिथे अशा साफसफाईचं स्वागत होतं.

शेवटी तुझ्या फाइलमधला एक आकडा, ज्याने मला रात्री थांबवून ठेवलं. प्रोबच्या शेवटी तू दोन मर्यादा लिहितेस, टीओएसला ८० आणि हिस्टेरेसिसला ७५, आणि नावं दिलीयस 'डीफॉल्ट_मॅक्स' आणि 'डीफॉल्ट_हिस्ट'. एलएम७५ला वीज मिळाली की तिच्यात ह्याच दोन किमती आपोआप असतात, डेटाशीटमध्ये तसं दिलेलं आहे. मग त्या पुन्हा का लिहितेस? डेटाशीटमधून उचलल्या असतील तर त्या ओळी लागतच नाहीत, कॉन्स्टंटही नाहीत. आधीच्या रीबूटमधून उरलेली जुनी मर्यादा पुसायला मुद्दाम लिहीत असशील, तर नाव चिपचं ठेव आणि कारण कॉमेंटमध्ये दे. आणि पायच्या डब्यासाठी तूच मोजून ठरवल्या असतील, नि किमती योगायोगाने जुळल्या असतील, तर 'डीफॉल्ट' हा शब्द काढ आणि तुझ्या बोर्डचं नाव लाव. मला फाइल वाचून ठरवता आलं नाही. रविवारी फोन करशील तेव्हा आधी हे सांग.